जांभळ्याचं पिवळं होताना

परवा नर्सरीतून थाइमचं रोप आणलं. मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या दगडाळ टेकड्यांवरचं झुडूप, पानं जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. एक पान चिमटीत चुरडून नाकाशी नेलं आणि जागच्या जागी थबकले. हा तर ओवा! आजी तान्ह्या बाळाचं पोट शेकायला तव्यावर ओव्याची पुरचुंडी तापवायची, थेट तोच वास!

भाची रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला लगेच फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, वास सारखा नाही गं, रेणूच एक आहे. थायमॉल!"

१७१९ साली कास्पर नॉयमान या जर्मन रसायनतज्ज्ञानं हे थायमॉल थाइमच्या तेलातून वेगळं केलं. ओव्याच्या तेलातही तेच मुख्य. आपण ओव्याचं फूल म्हणून जे पांढरे, चकचकीत खडे आणतो, ते थायमॉलच. थाइम तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, ओवा धने-जिऱ्याच्या कुळातला. पण दोन्ही कुळांनी रेणू घडवला तो हाच! त्या रात्री मला झोप लागली नाही.

"पानात याहून मोठी गंमत आहे, दाखवते," असं म्हणून भाचीनं मला परवानगी काढून प्रयोगशाळेत नेलं. थाइमची वाळलेली पानं कुटून तिनं रात्रभर मिथेनॉलमध्ये भिजत ठेवली होती. परीक्षानळीत डीपीपीएच नावाच्या रसायनाचं द्रावण होतं, पिकल्या जांभळासारखं गर्द. "आता बघ हं," म्हणत तिनं अर्काचे काही थेंब सोडले. जांभळा रंग विटायला लागला, फिकटला आणि बघता बघता नळीत हळदीच्या पाण्यासारखा पिवळा रंग उरला. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या!

डीपीपीएच हा मुक्त मूलक. त्याच्या एका इलेक्ट्रॉनला जोडीदार नसतो, म्हणून तो दुसऱ्याकडचा हायड्रोजन ओढून घेतो. तेल खवट होतं तेही अशाच ओढाओढीनं: एका रेणूनं दुसऱ्याचा हायड्रोजन घ्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याचा, आणि साखळी वाढत जायची. पानातली संयुगं इथे आपला हायड्रोजन देऊन टाकतात. दिल्यावर मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्यांच्यातल्या अणूंच्या कड्यांवर पसरून शांत राहतो. साखळी तिथेच तुटते. अँटिऑक्सिडंट हा शब्द मी शंभर डब्यांवर वाचला होता. त्याचा अर्थ त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

थाइममध्ये ल्युटिओलिन आणि अ‍ॅपिजेनिन ही अशीच दोन संयुगं असतात, फ्लेवोनॉइड गटातली. दोघांत फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा. ल्युटिओलिनच्या एका कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या दोन जोड्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात, अ‍ॅपिजेनिनच्या त्याच कड्यावर एकच. एवढ्यानं ल्युटिओलिन मुक्त मूलकांना कितीतरी जोमानं आवरतं! थाइममधल्या रोझमॅरिनिक आम्लात तर अशी शेजारी जोड्यांची कडी दोन असतात, आणि हे आम्ल आपल्या तुळशीतही आहे.

नळीत घडतं ते शरीरात तसंच घडेल असं मात्र नाही, हे भाचीनं मला बजावलं. फ्लेवोनॉइड आतड्यातून थोडीच शोषली जातात आणि यकृतात त्यांचं रूप पालटतं. म्हणून थाइमला औषध समजून कुणी मूठमूठ खाऊ नये. एवढंसं पान इतकं रसायन जाणतं, हेच मला पुरेसं आहे.

आणि थाइम नसलं तरी अडत नाही. ज्याची आपण भजी करतो तो पानओवा थाइमच्याच कुळातला. त्याच्या वासात असतं कार्व्हाक्रॉल. अणू थायमॉलचेच, फक्त ऑक्सिजनची जागा बदललेली. तुमच्या गॅलरीत पानओव्याची कुंडी असेल, तर आज एक पान चुरडा आणि डोळे मिटून वास घ्या.