पुढच्या चाकाचा प्रश्न

पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाने मोटारसायकल घेण्याचा विषय काढला की घरातील मंडळी आधी त्याच्याकडे आणि लगेच त्याच्या पत्नीकडे पाहतात. या वयातील ही हौस बहुधा हसण्यावारी जाते, आणि पुष्कळदा तिची योग्यताही तेवढीच असते. परंतु मूळचा सांगलीचा आणि गेली बावीस वर्षे न्यू जर्सीत नोकरी करणारा एक यंत्र-अभियंता गेल्या चैत्रात ज्या गाडीच्या नादी लागला, तिची गोष्ट थोडी निराळी आहे. ती गाडी मिरवण्याची नव्हती. बाजाराच्या हिशेबाने तर ती फसलेलीच होती.

१९९३ साली यामाहाने ‘जीटीएस १०००’ ही दुचाकी काढली. वेगही हवा आणि दिवसभराचा प्रवासही सुखाचा हवा, अशांसाठी असलेल्या ‘स्पोर्ट टूरिंग’ वर्गातील ही गाडी. चार सिलिंडरांचे १००२ सीसीचे इंजिन, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन, एबीएस ब्रेक, असा तिचा थाट होता. तिचे खरे वेगळेपण मात्र पुढच्या चाकापाशी आहे. सायकलपासून बुलेटपर्यंत जवळजवळ प्रत्येक दुचाकीचे पुढचे चाक चिमट्यात धरलेले असते. या गाडीला चिमटाच नाही. एका बाजूने आलेल्या भक्कम भुजेने ते चाक पेलून धरले आहे. दुसऱ्या बाजूने पाहावे तर चाक अधांतरी असल्यासारखे वाटते.

यामागचा विचार समजून घेण्याजोगा आहे. चिमट्यावर दोन कामांचा बोजा असतो: चाक वळवणे आणि खड्डा पचवणे. ब्रेक जोरात दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, चिमटा दबतो आणि गाडी नाक खाली घालते. जेम्स पार्कर या अमेरिकन अभिकल्पकाने ही दोन कामे एकमेकांपासून सोडवली. भुजेने खड्डे पचवायचे आणि ब्रेकचा ताण खालच्या खालीच सांगाड्यात न्यायचा; वळण मात्र हँडलपासून निघालेल्या एका वेगळ्या दांड्याने चाकापर्यंत पोहोचवायचे. त्यामुळे कितीही जोरात ब्रेक लावला तरी गाडी फारशी झुकत नाही.

कागदावर इतकी निर्दोष असलेली गाडी चालली नाही. नवी असताना तिची किंमत १३,००० डॉलरच्या घरात होती, वजन अडीचशे किलोच्या आसपास, आणि इंजिनाची ताकद मुद्दाम १०० अश्वशक्तीच्या आसपास रोखलेली. शिवाय, जे नाक दबणे चालकांना दोष वाटत होते, तेच त्यांच्या मनगटांना रस्त्याची खबर देत होते, हे ते नाहीसे झाल्यावर कळले. अमेरिकेत दोन वर्षांत तिची विक्री थांबली. युरोपात ती त्या दशकाच्या अखेरीपर्यंत रेंगाळली.

अशी एक गाडी पेनसिल्व्हेनियात, एका वृद्ध गृहस्थाच्या गॅरेजात, ३,२०० डॉलरला विकाऊ होती.

अभियंत्याच्या एका मित्राने सरळ सल्ला दिला, की त्याच काळातील होंडाची एसटी ११०० घे. चेनची कटकट नाही, शाफ्टवर चालते. टाकी २८ लिटरची. सुटे भाग मिळतात, आणि कोणताही मिस्त्री तिला हात लावतो. सल्ला इतका बिनतोड होता, की त्याला उत्तरच नव्हते. जुनी पण सर्वत्र आढळणारी गाडी आणि जुनी पण दुर्मीळ गाडी यांत हाच फरक आहे. पहिलीसाठी पैसे पुरतात. दुसरीसाठी वेळ लागतो, आणि तो कोणाच्या वाट्याचा, हे घरात आधी ठरलेले बरे.

पत्नीने नेमके तेच विचारले. “अहो, शनिवारी तुम्ही ही गाडी चालवणार, की तिच्या मागे धावणार?” त्यानंतर तिने आणखी एक प्रश्न विचारला. तो यंत्राविषयी नव्हता. अण्णा, म्हणजे सासरे, दोन वर्षांपूर्वी गेले. ज्या बुलेटवरून त्यांनी या मुलाला आंबा घाट उतरवून रत्नागिरीचा समुद्र दाखवला होता, ती वर्षभरात धाकट्या भावाने विकली, विकल्यानंतर कळवले. त्याबद्दल या घरात कधी बोलणे झाले नव्हते. “ती बुलेट या गाडीने परत येणार आहे का?” तिने शांतपणे विचारले. तो म्हणाला, “नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण ती असती तर माझे हात तिच्यात गुंतले असते. ते आता रिकामे आहेत.” यावर ती काही बोलली नाही, गाडी पाहायला बरोबर येते, एवढेच तिने सांगितले.

जाण्यापूर्वी त्याने मालकाला विनंती केली होती, की आम्ही येण्याआधी इंजिन चालू करू नका. तापलेले इंजिन पुष्कळ खोड्या लपवते. थंड इंजिनाला लपवता येत नाही. हात लावून पाहिले, इंजिन गार होते, आणि दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले. सांगाड्यावरील क्रमांक कागदपत्रांशी जुळला. अमेरिकेतील पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असते आणि ते पाणी ओढते, म्हणून टाकीत विजेरी धरून गंज पाहिला, किरकोळ होता. मग पुढचे चाक उचलून, दोन्ही हातांनी धरून हलवले. चिमट्याच्या गाडीत जिथे कुरकुर होते तिथे इथे काहीच नव्हते. भुजेच्या टोकाचे सांधे मात्र बोटांनी चाचपून पाहावे लागले. त्यांत खेळ नव्हता.

अडचण निघाली ती टायरात. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. इथे होते २३०९. म्हणजे २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले रबर, वरून काळेभोर आणि आतून कडक. शिवाय माप १३०/६०. आजच्या बहुतेक गाड्यांचे पुढचे टायर १२०/७० असतात. काही मालक तेच चढवतात आणि गाडी चालतेही. पण हिशेब साधा आहे: १३०च्या साठ टक्के ७८, आणि १२०च्या सत्तर टक्के ८४. टायरची उंची सहा मिलिमीटरने वाढते आणि वळताना गाडीचा स्वभाव बदलतो. दुसऱ्या एखाद्याने हे सहा मिलिमीटर सोडून दिले असते. याला परतीच्या सबंध वाटेवर ते टोचत राहिले. ज्या चाकासाठी एवढा खटाटोप झाला, तेच चाक तडजोडीचे ठेवायचे तर ही गाडी घ्यायचीच कशाला? या प्रश्नात हट्ट होता, पण त्याचे उत्तर देणे सोपे नव्हते.

त्या रात्री त्याने सांगलीला आईला फोन केला. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “त्यांनी बुलेट आणली तेव्हा मला कुठं विचारलं होतं? तू विचारतोयस, तेवढं पुरे. बायको काय म्हणती ते बघ.”

पत्नीच्या अटी तीन होत्या. मुलीला मागे बसवायचे नाही. अंधार पडल्यावर हायवेवर जायचे नाही. आणि डोक्यापासून घोट्यापर्यंत संरक्षक पोशाख घातल्याशिवाय गॅरेजचे दारही उघडायचे नाही. पोशाख चामड्याचा नसणार, हे या घरात सांगावे लागले नाही. जाड विणीच्या कृत्रिम धाग्याची जाकिटे मिळतात. चौथी गोष्ट अट नव्हती. मूळ मापाचा टायर मिळाला तर गाडी घ्यावी, नाहीतर त्या मित्राचा सल्ला मानून होंडा पाहावी, असे तिने सुचवले. म्हणजे निर्णय कोणाच्याही हट्टावर राहिला नाही, एका दुकानदाराच्या मांडणीवर राहिला.

तो टायर अकराव्या दिवशी सापडला, एका लहान दुकानात, एकच.

गाडी घरी आली ती भाड्याच्या ट्रेलरवरून. त्या जुन्या टायरवर अडीचशे किलो घेऊन दीडशे मैल यायचे नाही, हे तिने सांगण्याआधी त्यानेच ठरवले होते. नवे टायर मागाहून आले. पुढच्या चाकात टायर चढवून झाल्यावर त्याच्या कडेवरचे चार आकडे तिने चष्मा लावून वाचले आणि स्वयंपाकघरातील कॅलेंडरावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवले.