ओवीतला नाताळ
नाताळची गाणी म्हणजे इंग्रजांची देणगी, असे आमच्या हर्सूलमध्येही ऐकू येते. ‘सायलेंट नाइट’ मलाही प्रिय. पण त्याचे मूळ जर्मन शब्द १८१६ सालचे. त्याआधी बरोबर २०० वर्षे, १६१६ मध्ये, गोव्यातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठी ओव्या, लिपी मात्र रोमन. देवनागरी खिळेच नव्हते! येशूजन्माची कथा त्यातील दुसऱ्या पुराणात येते. तीन चरणांना यमक, चौथा मोकळा. मोठ्याने म्हटले की कान थेट ज्ञानेश्वरीकडे वळतात. (स्टीफन्स मात्र जन्माने इंग्रजच.) पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले. १९१९ मध्ये ते निवर्तले. अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.