मरुतच्या मागावर

मुलांनो, तुमच्यापैकी जे भोसरी-चिंचवडकडचे आहेत, त्यांना तो आवाज सांगायला नको. वर्गात अपूर्णांकांची बेरीज ऐन रंगात आलेली असते आणि लोहगावहून उठलेली विमानं डोक्यावरून गडगडत जातात. माझा खडू थांबतो आणि अर्धा वर्ग खिडकीशी पळतो. "बाई, सुखोई!"

एकदा असंच झालं आणि सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, सुखोई तर रशियाचं. आपलं स्वतःचं कोणतं?"

"तेजस!" मागच्या बाकावरून उत्तर आलं.

"आणि तेजसच्या आधी?"

आता मात्र सगळे चिडीचूप. खरं सांगायचं तर मलाही आठवायला दोन मिनिटं लागली. डी.एड.ला असताना मैत्रिणींबरोबर पुण्याच्या कमला नेहरू पार्कात जायची, तेव्हा तिथं एक विमान पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे काय, त्याच्याकडे पाठ करून भेळ खाल्ली होती! ते कुठलं, कुणी बनवलं, हे विचारायचं कधी सुचलंच नाही. म्हणून मग एका रविवारी आठ मुलांना घेऊन निघाले. नाशिक फाट्याला मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली, डेक्कनला उतरलो आणि गुडलक चौकातून भांडारकर रस्त्यानं चालत पार्कात.

तुम्ही गेलात तर एक करा. विमानाच्या तोंडाशी फोटो काढून परत फिरू नका. आधी मागच्या बाजूला जा. तिथं शेजारीशेजारी दोन गोल तोंडं दिसतील, कारण या विमानाला दोन इंजिनं होती. त्याचं नाव एचएफ-२४ मरुत. मरुत म्हणजे वारा. वाऱ्याचा मुलगा तो मारुती, हे तुम्हांला ठाऊक आहेच. भारतात आराखडा काढून भारतातच बांधलेलं हे पहिलं जेट लढाऊ विमान. तेजसचा थोरला भाऊच म्हणा ना.

मग बाजूला या आणि त्याची कंबर बघा. पंख जिथं अंगाला जुळतात तिथं विमान बारीक झालेलं आहे. हे काही शोभेसाठी नाही बरं का! विमानाचा वेग आवाजाच्या वेगाजवळ गेला, की समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. त्यात पंखांची जाडी एकदम आडवी आली, तर हवा फार अडते. म्हणून पंख सुरू होतात तिथं अंग आत घ्यायचं. आमच्यातल्या एकानं लगेच उदाहरण दिलं, "बाई, बसच्या दारातून दप्तर घेऊन घुसताना पोट आत घेतो तसं." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

हे सगळं आखणारा माणूस होता कुर्ट टांक. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं फोके-वुल्फ १९० हे गाजलेलं विमान त्यानंच तयार केलं. तो नुसता कागदावर रेघा मारणारा नव्हता, स्वतः वैमानिकही होता. युद्धात जर्मनी हरल्यावर तो अर्जेंटिनात गेला, तिथंही एक जेट विमान बनवलं आणि १९५६ मध्ये काही जर्मन सहकाऱ्यांसह बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात आला. तिथं आपल्या इंजिनियरांबरोबर त्यानं आधी काय बनवलं असेल? लाकडाचं विमान! आकार खऱ्याएवढा, पण इंजिनच नाही. १९५९ मध्ये दुसऱ्या विमानानं ते दोर बांधून वर ओढत न्यायचं, सोडून द्यायचं, आणि ते तरंगत तरंगत खाली यायचं. आकार हवेत कसा वागतो, हे असं तपासून घेतलं. मग १७ जून १९६१ या दिवशी विंग कमांडर सुरंजन दास यांनी इंजिनं लावलेला खरा मरुत बंगळूरच्या आकाशात नेला.

इथवर ऐकून मुलं खूष होती. पण आपली गोष्ट खरी इथून पुढं आहे.

टांकनं हे विमान आवाजाच्या दुप्पट वेगानं जाईल असं आखलं होतं. त्यासाठी ब्रिटनमध्ये तयार होत असलेलं एक जोरदार ऑर्फियस इंजिन त्यानं डोळ्यांसमोर ठेवलं होतं. त्याला आफ्टरबर्नर असणार होता, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या गरम झोतात आणखी इंधन फवारून पेटवायचं आणि जास्तीचा रेटा मिळवायचा. पण ब्रिटननं मध्येच त्या इंजिनातून अंग काढून घेतलं. उरलेलं काम पुरं करायचं तर खर्च भारतानं द्यावा, असं ठरायला लागलं आणि आपण नाही म्हटलं. शेवटी मरुतला मिळालं ते साधं ऑर्फियस ७०३. ऑर्फियसच्याच घराण्यातलं इंजिन छोट्याशा नॅट विमानाला असे. नॅटला एक, मरुतला दोन. अंग होतं पहिलवानाचं आणि जोर मात्र धाकट्या भावाचा. आवाजाच्या दुप्पट वेग राहिला बाजूला, सरळ उडताना आवाजाचा वेग गाठणंही मुश्किल झालं.

मग आपल्याच शास्त्रज्ञांनी त्या इंजिनाला आफ्टरबर्नर जोडून पाहिला. तसंच एक विमान तपासताना १० जानेवारी १९७० ला अपघात झाला आणि सुरंजन दास गेले. पहिल्यांदा मरुत उडवणारे तेच! बंगळूरमध्ये आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे. हे सांगितल्यावर आमच्यातलं कुणी बराच वेळ बोललं नाही.

म्हणून मरुत टाकाऊ होता असं मात्र समजू नका. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या वाळवंटावरून तो खाली खाली उडत शत्रूच्या रणगाड्यांवर आणि रेल्वेगाड्यांवर तुटून पडला. गोळ्या लागून एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्याच्या जोरावर वैमानिक घरी परतले, असं एकदाच नाही, अनेकदा घडलं. हवेतल्या झुंजीत एकही मरुत पडला नाही. त्या दोन तोंडांकडे पुन्हा एकदा बघा, म्हणजे त्यांची किंमत कळेल.

एकूण १४७ मरुत बनले आणि १९९० पर्यंत सगळे निवृत्त झाले. आज त्यातला एकही उडत नाही. मग उरलेले आहेत कुठं? आम्ही वहीत यादीच करायला घेतली. मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक आहे. सहलीत बघा आणि पुण्याच्या भावाशी ताडून पाहा. बंगळूरला कारखान्याच्या स्वतःच्या संग्रहालयात आहे, शिवाय कस्तुरबा रस्त्यावरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयातही. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे, चेन्नईच्या पेरियार विज्ञान केंद्रात आहे. आणि एक तर थेट युरोपात! जर्मनीत म्युनिक शहराच्या उत्तरेला श्लाइसहाइम नावाचं जुनं विमानतळ आहे, तिथल्या संग्रहालयात आपला मरुत ठेवलेला आहे. कुर्ट टांक १९८३ मध्ये वारला तो म्युनिकलाच. म्हणजे आखणारा तिथं परत गेला आणि त्याच्या मागून विमानही गेलं, गंमतच की नाही? तुमच्यापैकी कुणाचे काका-मावशी जर्मनीत असतील, तर त्यांना पत्र टाका. म्हणावं, तिथं जाऊन आपल्या पाहुण्याला भेटा आणि मागच्या बाजूचा फोटो पाठवा.

बाहेर भेळ खाताना त्या प्रश्नवाल्या मुलीनं परत मला पकडलं. "बाई, तेजसचं इंजिन कुणाचं?"

अमेरिकेचं. आता आपल्या नाशिकजवळच्या ओझरलाही तेजस तयार होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथलं पहिलं तेजस उडालंसुद्धा. पण इंजिन बाहेरूनच येतं. आपण कावेरी नावाचं इंजिन करायला घेतलं, त्याला कित्येक वर्षं झाली, पण तेजसला ते अजून बसलेलं नाही. हे मी तिला सांगितलं. शिक्षकानं मुलांपासून लपवावं असं त्यात काही नाही.

"म्हणजे मरुतसारखंच," ती म्हणाली.

परतीच्या मेट्रोत फुगेवाडी सोडली आणि डब्यात चर्चा सुरू झाली. आमच्या या मुलांचे बाबा, काका, काहींच्या आयासुद्धा एमआयडीसीत नाहीतर चाकणला कामाला जातात. कुणाच्या घरी लेथवरचं काम, कुणाकडे वेल्डिंग. तुमचे बाबा नेमकं काय बनवतात आणि ते कशात बसतं, हे घरी विचारून या, असं मी सांगितलं. गृहपाठच म्हणा.

सोमवारी सात जणांनी उत्तरं आणली. स्कूटरचा गिअर, ट्रकचा ब्रेक, कारच्या दाराची बिजागरी. आठवा मुलगा मधल्या सुट्टीत हळूच जवळ आला आणि त्यानं खिशातून बोटाएवढी चकचकीत गोल नळी काढली. "बाई, हा बुश. पप्पा दिवसाला तीनशे करतात. पण तो कुठल्या मशिनीत बसतो, ते त्यांनाही माहीत नाही. ते आज साहेबांना विचारणारेत."