दोन आडव्या रेघा

संगणकात 'शेल' नावाचा एक दुभाषी असतो. आपण शब्दांत आज्ञा द्यावी आणि त्याने ती यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोहोचवावी. आमच्या तामसीला दुभाष्याचे नवल नाही. आदिलाबाद जिल्ह्यातले, महाराष्ट्राच्या सीमेजवळचे हे गाव. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी.

अभ्यास म्हणून मी एक लहानसे शेल लिहिले व ते 'पॉझिक्स' प्रमाणाला उतरावे असे ठरविले. शेलविषयीचे हे प्रमाण १९९२ साली आले.

शेलला द्यायच्या सूचना आडव्या रेघेने सुरू होतात. '-ई' म्हणजे एखादी आज्ञा फसताच थांब. '-सी' म्हणजे आज्ञा फाईलमधून न घेता दिलेल्या शब्दांतून घे. '-सी'च्या लगेच पुढचा शब्द म्हणजेच आज्ञा, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रमाण तसे म्हणत नाही. आधी साऱ्या सूचना संपू द्या, मग येणारा पहिला शब्द आज्ञा माना, असे ते सांगते. म्हणजे '-सी -ई' असे लिहिले तरी '-ई' ही सूचनाच राहते. अधिकचे चिन्ह लावले की तीच सूचना मागे घेतली जाते. आणि '--' या दोन रेघा आल्या की सूचना संपल्या. पुढचे काहीही रेघेने सुरू होवो, ती सूचना नव्हे.

हा काथ्याकूट कशासाठी? समजा, एखाद्या फोल्डरात '-आरएफ' नावाची फाईल आहे. तेथे कोणी 'आरएम *' असे लिहिले, तर शेल तारकेच्या जागी सारी नावे मांडते, आणि 'आरएम' त्या नावालाच सूचना समजून आतल्या फोल्डरांसह सारे न विचारता पुसून टाकते. 'आरएम -- *' लिहिले, तर फोल्डर वाचतात. सी भाषेतील 'सिस्टिम' हे फंक्शन आज्ञा शेलकडेच सोपविते; प्रमाणाच्या २०२४च्या आवृत्तीत तेथेही '-सी'नंतर या दोन रेघा आल्या.

माझे शेल माझ्याखेरीज कोणी वापरत नाही. तरीही सूचना वाचण्याचा सारा क्रम मी प्रमाणाप्रमाणे नव्याने मांडला. कारण तामसीत लिहिलेली आज्ञावली पुण्यात किंवा हैदराबादेत त्याच अर्थाने वाचली गेली पाहिजे. दुभाषी कितीही हुशार असो, त्याने पदरचा अर्थ घालू नये. आम्हां सीमेवरच्या माणसांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.