भिंतीवांचून तुरुंग

तुरुंगाच्या तटावरून जातांना आपलें पाऊल नकळत मंदावतें, हा अनुभव बहुतेकांस असेल. आंत काय चालतें हें जाणण्याची उत्सुकता मुलांनाच काय, पोक्त माणसांनाहि असते. येरवड्याचा तुरुंग पर्यटकांस दाखविण्याचा उपक्रम सरकारनें २६ जानेवारी २०२१ रोजीं सुरू केला. लोकमान्य आणि महात्माजी जेथें बंदिवासांत होते, ती जागा पाहण्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु आपलें खरें कुतूहल निराळेंच असतें. खुनी मनुष्य दिसतो कसा, बोलतो काय, हें आपणांस पाहिजे असतें. या कुतूहलाची मला स्वतःस जेथें लाज वाटली, त्या स्थळाची ही हकीकत आहे.

तें स्थळ म्हणजे सांगली जिल्ह्यांतील आटपाडीजवळचें स्वतंत्रपूर. विट्याहून खानापूर, भिवघाट करीत एस. टी. आटपाडीस जाते. हा माणदेश. पाऊस बेताचा, माळ उघडे, बाभळीची सांवली विरळ. येथील खिल्लार बैल मात्र नामांकित. अलीकडे डाळिंबाच्या बागांनीं या उजाड मुलखास थोडी हिरवळ आणली आहे.

पूर्वीं हा भाग औंध संस्थानांत मोडे. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं महात्माजींच्या सल्ल्यानें आपली सत्ता प्रजेच्या हातीं दिली. त्याच सालीं, मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश इंजिनियराच्या पुढाकारानें, येथें हा प्रयोग सुरू झाला. गंभीर गुन्ह्यांच्या कैद्यांस बेड्यांवांचून, तटावांचून माळावर वसवावयाचें आणि शेतीस लावावयाचें, अशी ती कल्पना. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, वसाहत राहिली. पुढें व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, तो याच प्रयोगावरून. त्याची कथा याच माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांची. सहा खुनी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर, ही ती गोष्ट साऱ्या देशास ठाऊक झाली. बर्लिनच्या महोत्सवांतहि तिचा गौरव झाला. मीहि तीच गोष्ट मनांत धरून, रीतसर परवानगी घेऊन गेलों होतों.

पाहतों तों पाहण्यासारखें कांहींच नाहीं! तट नाहीं, बुरूज नाहीं. साधीं घरें, दोरीवर वाळत घातलेलीं लुगडीं, दारांत धान्य पाखडणारी एक बाई. येथील बंद्यांस कुटुंबासह राहतां येतें. माझ्याबरोबर एक शिपाई होता. त्याच्या हातीं बंदूक नव्हती. पूर्वीं तो एका मोठ्या तुरुंगांत नोकरीस होता. मीं विचारलें, “येथें काम हलकें असेल?” तो हंसला. “तिथं सांजच्याला गिनती जुळली, कुलपं लागली, की आपण मोकळं. इथं कुलूपच नाहीं, गुरुजी. माणूस वाचावा लागतो. कुणाची बायको रुसून माहेरीं गेली, कुणाच्या भावानं जमीन बळकावली, हें आधीं कळावं लागतं. त्या काळजीनंच माणूस पळतो.”

कुलपाची किल्ली खिशांत राहते. या कामाची किल्ली मनांत बाळगावी लागते. संस्कृतांत ‘विश्वास’ हा शब्द श्वस् धातूपासून झाला आहे. विश्वास म्हणजे मोकळा श्वास. तो घेणाऱ्यास सोपा. देणाऱ्यास मात्र रात्रभर जागें राहावें लागतें, हें मला त्या शिपायाच्या बोलण्यावरून कळलें.

पुढें कांद्याच्या वाफ्यांत एक इसम दारें धरीत होता. पीकपाण्याचें बोलणें झालें आणि न राहवून मीं विचारलें, “आपल्या हातून काय घडलें होतें?” इतक्यांत एक दहा वर्षांचा मुलगा भाकरीचें गाठोडें घेऊन आला. त्या गृहस्थानें एकवार मुलाकडे पाहिलें, एकवार माझ्याकडे; आणि खाली वांकून पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळविलें. शिपाई हळूच म्हणाला, “तेवढं विचारूं नये, गुरुजी. कोर्टानं तें एकदां विचारलंय. पोरगं गांवच्या शाळेंत जातं. तिथं बी कुणी विचारीत नाहीं.”

मी मान खालीं घातली. पुष्कळ वर्षांमागें माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचा बाप तुरुंगांत गेल्याचें कळतांच आम्हीं शिक्षकांनीं मधल्या सुटींत त्या खुनाची चवीनें चर्चा केली. वार कितीं, कोठें, कशाकरितां, सारें झालें. मुलाची चौकशी मात्र कोणींच केली नाहीं. तो शाळेंत येईनासा झाला आहे हें मला महिनाअखेर हजेरीपट जुळवितांना समजलें. त्या मुलास शिक्षा कोणत्या न्यायाधीशानें दिली?

परततांना तुरुंग कोठें संपला व गांव कोठें सुरू झालें, तें मला कळलें नाहीं. वाचकांपैकीं कोणी आटपाडीकडे गेल्यास स्वतंत्रपूर अवश्य पाहावें. शेत पाहावें, कांद्याचा भाव विचारावा. आणि आपल्या आळींत, आपल्या मुलांच्या वर्गांत, अशा घरचें एखादें मूल असेल, तर त्याच्या बापाविषयीं बोलण्यापूर्वीं तें आज जेवलें कीं नाहीं एवढें विचारावें.