शब्द आला, रूप हरपलें

यंत्रांशीं आमचें सख्य कधींच जमलें नाहीं. आमची विद्येची धांव जुन्या मॅट्रिकपर्यंत. पुढें पाठशाळेंत शास्त्रीबोवांपाशीं थोडें व्याकरण व त्याहून थोडा न्याय घोकला, आणि तेवढ्या भांडवलावर तीस-पस्तीस वर्षें शाळामास्तरकी करून आतां आम्ही स्वस्थ बसलों आहों. अशा मनुष्यानें एचडीएमआयच्या तारेविषयीं लिहावें हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या ज्येष्ठांत या तारेनें आमच्या घरांत जो प्रसंग आणिला, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमच्या चिरंजीवांनीं २०१४ सालीं घराची डागडुजी केली, तेव्हां बैठकीच्या एका भिंतीवर टेलिव्हिजन टांगला व समोरच्या भिंतींतील कपाटांत बाकीचीं यंत्रें मांडलीं. मधल्या छताच्या कडेनें नळी घालून तींतून दहा मीटर लांबीची एक तार ओढली. व्यवस्था अशी कीं, सर्व यंत्रें प्रथम रिसीव्हर नांवाच्या पेटीस जोडावयाचीं; ती पेटी आवाज आपल्यापाशीं उतरवून घेऊन कर्ण्यांस वांटते आणि चित्र तेवढें त्या लांब तारेनें पुढें रवाना करिते. पुढें २०२१ सालीं टेलिव्हिजन बदलला, रिसीव्हरहि बदलला. तार भिंतींत दडलेली असल्यामुळें तिची कोणास आठवणच झाली नाहीं. गेल्या चैत्रांत चिरंजीवांनीं अमेरिकेहून पैसे धाडून एक नवी चिमुकली पेटी घ्यावयास लाविली. हिच्यांत सर्व कांहीं दिसतें असें ऐकून आम्हीं काटकसरीच्या उत्साहांत सेट-टॉप बॉक्सची वर्गणी त्याच महिन्यांत बंद करून टाकली.

आठ-पंधरा दिवसांनीं आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, चित्रांत पांढरे ठिपके उडतात. मधूनच पडदा क्षणभर काळा होतो."

"तुझे डोळे एकदां तपासून घेतले पाहिजेत," आम्ही वर्तमानपत्रांतून मान न काढतां म्हणालों.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या कुटुंबास गेलीं सहा वर्षें ऐकूं फार कमी येतें. कानांत घालावयाचें यंत्र आणिलें आहे, पण तें शिटी वाजवितें म्हणून बहुधा खणांतच असतें. माणसांच्या चेहऱ्यांवरून आणि पडद्याच्या तळाशीं उमटणाऱ्या अक्षरांवरून ती सारें समजून घेते. कानांचें दुखणें आम्ही जाणत होतोंच. वर तिच्या डोळ्यांवरहि आम्हीं सहज ठपका ठेवून दिला.

पुढल्याच आठवड्यांत चित्र साफ गेलें. आवाज मात्र खणखणीत. आम्हांस त्याचें फारसें दुःख झालें नाहीं. बातम्या ऐकूं येत, कीर्तन ऐकूं येई, क्रिकेटच्या सामन्याचें वर्णनहि समजे. "आवाज तर येतो आहे ना!" असें आम्ही दोन-तीनदां म्हणालों, आणि असे अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत ती आमच्या शेजारीं बसून वाती वळीत असे. आम्हांस अर्धें यंत्र मिळत होतें, तिला कांहींच मिळत नव्हतें, हा साधा हिशेब जन्मभर गणित शिकविणाऱ्यास सुचूं नये!

बाराव्या दिवशीं नातवाच्या मुंजीची फिल्म आली. मुंज वैशाखांत तिकडेच झाली होती. आम्हां उभयतांस जातां आलें नव्हतें. आम्हीं पेटी लावली. सनई ऐकूं आली, मंगलाष्टकें ऐकूं आलीं. कुटुंब उठलें, टेलिव्हिजनपाशीं गेलें आणि पदरानें ती काळी कांच पुसूं लागलें. एकदां पुसून झाल्यावर तिनें पुन्हां एकदां पुसली. आम्हीं कळ दाबून सनई बंद केली.

मग शेजारचा बारावींतला मुलगा हांक मारून आणिला. त्यानें प्रथम सर्व यंत्रें बंद करून, तारा उपटून पुन्हां घट्ट बसवून, आधीं टेलिव्हिजन, मग रिसीव्हर, मग पेटी अशा क्रमानें सुरू केलीं. कारण या यंत्रांचा एक शिष्टाचार असतो. तारेच्या टोंकांत १९ पिना असतात; त्यांतून टेलिव्हिजन आधीं कळवितो कीं, आपणांस अमुक इतकें सूक्ष्म चित्र दाखवितां येतें; मग चोरून नक्कल होऊं नये म्हणून दोन्ही बाजू परस्परांच्या गुप्त किल्ल्या पडताळून पाहतात; हें जमलें तर चित्र वाहूं लागतें. पुष्कळदां या ओळखीपाळखींतच घोटाळा होतो आणि फिरून आरंभ केल्यानें मिटतो. आमचा मिटला नाहीं.

"आजोबा, रिसीव्हर बिघडला असेल. नवा घ्या," मुलगा म्हणाला.

येथें मात्र आमच्या अंगांतला न्यायशास्त्राचा विद्यार्थी जागा झाला. आवाज रिसीव्हरपाशीं उतरतो आणि तो येतो आहे. अर्थात् तेथवर मार्ग शुद्ध. एक असतां दुसरें असणें व एक नसतां दुसरें नसणें, म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक, पाहिल्यावांचून कोणासहि दोषी ठरवूं नये. आम्हीं ती नवी पेटी हातभर तारेनें थेट टेलिव्हिजनला लावविली. चित्र आलें! पेटी सुटली, टेलिव्हिजनहि सुटला. मग दोघांनीं पाट्यासारखा जड रिसीव्हर उचलून टेलिव्हिजनखालीं आणिला आणि त्याच आंखूड तारेनें जोडला. चित्र आलें! आतां परिशेषानें एकच आरोपी उरला, आणि तो दहा वर्षांहून अधिक काळ भिंतींत लपून बसला होता.

चिरंजीवांस दूरध्वनीवर विचारलें तेव्हां गणित उलगडलें. पूर्वींच्या चित्रांत १९२० गुणिलें १०८०, म्हणजे २० लक्ष ७३ हजार ६०० ठिपके. नव्यांत ३८४० गुणिलें २१६०, म्हणजे ८२ लक्ष ९४ हजार ४००. दोन्ही सेकंदास ६० वेळां पाठवावयाचीं. पहिल्यास तारेंतून सेकंदाला सुमारें साडेचार अब्ज अंश न्यावे लागतात, दुसऱ्यास सुमारें अठरा अब्ज. जुन्या लांब तारेच्या अंगावर एकाएकीं चौपट ओझें पडलें होतें. जुन्या काळीं गच्चीवरची अँटेना हलली कीं चित्र मुंग्यांनीं भरून जाई, पण माणसें ओळखूं येत. हल्लींचें चित्र धडधाकट असतें, थोडे दिवस ठिपके उडवितें आणि एकदम नाहींसें होतें. तेच ते पांढरे ठिपके. तिनें ते पाहिले होते आणि सांगितलेहि होते.

तूर्त उपाय सोपा होता. काळ्या पडद्यावर यादी दिसत नाहीं, म्हणून पेटी पुन्हां थेट टेलिव्हिजनला लावून तिच्या यादींत १०८० ची निवड केली, आणि मग सर्व मूळ जागीं नेलें. जुन्या तारेनें तें ओझें मुकाट्यानें उचललें. पुढें प्रकाशाच्या तंतूंची नवी तार आणिली. ती एकाच दिशेनें चालते, हें ठाऊक नसल्यामुळें पहिल्या दिवशीं उलटी घातली व पुन्हां काळोख पाहिला. टोंकांवर कोणतें यंत्राकडे व कोणतें पडद्याकडे हें छापलेलें असतें, तें शेवटीं तिनेंच चष्मा लावून वाचलें. जुनी तार नळींतून निघेना, म्हणून आंतच राहिली आहे.

पण मुंज आम्हीं त्याच संध्याकाळीं पाहिली, जुन्या तारेवर. मातृभोजन झालें, बटूचें मुंडन झालें. मग बापलेकांवर वस्त्र पांघरलें गेलें, आणि आंत गायत्रीचा उपदेश सुरू झाला. बाहेर कोणासच कांहीं ऐकूं येत नव्हतें. वस्त्राखालीं तें लहानसें डोकें हलत होतें.

"तुम्हांला ऐकूं येतें आहे का?" तिनें विचारलें.

"नाहीं," आम्ही म्हणालों.

"मग आवाज कमी करा," ती म्हणाली. आम्हीं केला. भिक्षावळ संपल्यावर तिनें सबंध फिल्म पहिल्यापासून लावावयास सांगितली, आणि त्या रात्रीं आम्हांस जेवावयास दहा वाजले.