राउटरची दुसरी किल्ली

गुरुग्रामच्या ऑफिसात माझं काम नेटवर्क सांभाळण्याचं. काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करून राउटरवर कोणाचं खातं ठेवायचं, कोणाचं काढायचं, ते मी पाहते. सिस्कोच्या राउटरवर खात्याच्या नावापुढे ‘पासवर्ड’ लिहिता येतं, तसंच ‘सीक्रेट’ही. ‘पासवर्ड’ झाकून ठेवला, तरी ते झाकण क्षणात उघडतं. ‘सीक्रेट’मध्ये मूळ शब्द साठवलाच जात नाही, त्याचा फक्त ठसा राहतो. म्हणून सेटिंगची प्रत मदतीसाठी कोणाला पाठवली, तर पहिल्या प्रकारात किल्लीही सोबत जाते. शिवाय बदल सेव्ह करावा लागतो, नाहीतर वीज जाऊन आली की जुनाच पासवर्ड हजर!

घरी काळा पडदा नसतो, पण राउटर असतोच, आणि त्याला दोन किल्ल्या असतात. वाय-फायची आपण पाहुण्यांना सहज देतो. सेटिंग उघडणारी अ‍ॅडमिनची किल्ली मात्र बऱ्याच घरांत कंपनीने दिली तशीच राहते. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने असे साठेक ठरलेले पासवर्ड लावून पाहत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या ऑक्टोबरात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांसाठी काही तास बंद पडल्या. हल्ल्यात राबत होती ती साध्यासुध्या घरांतली उपकरणं, मालकांच्या नकळत.

आमच्याकडे सासूबाईंच्या डायरीत गॅस-विजेच्या नंबरांशेजारी अ‍ॅडमिनचा नवा पासवर्ड लिहिलेला आहे. डायरी कपाटात असते. राउटरच्या पाठीवर छापलेला शब्द आता चालत नाही.